ओतणाऱ्यांचा शब्द

इंग्रजीतला 'फाउंडर' दोन माणसांना लागू पडतो. संस्थेचा पाया घालणारा फाउंडर, आणि धातू वितळवून साच्यात ओतणारा, म्हणजे आपला ओतारी, तोही फाउंडरच. उच्चार एक, पण खानदानं दोन. पहिला शब्द लॅटिनच्या 'फुंदारे' (पाया घालणे) या क्रियापदावरून आला, दुसरा 'फुंदेरे' (ओतणे) यावरून.

स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत ओतकामासाठी लॅटिनकडून उसना न घेतलेला शब्द होता, 'येट'. त्यातूनच 'येटलिन' आला. येटलिन म्हणजे बीड, आणि बिडाचं भांडंही. तोफखान्यात आणि चुलीपाशी एकाच हुन्नराचं काम दिसे. 1511 च्या सुमारास राजा चौथा जेम्स याच्यासाठी रॉबर्ट बोर्थविक एडिनबरोच्या किल्ल्यात तोफा ओतत होता.

हा शब्द लिहिताना सुरुवातीला 'योख' नावाचं अक्षर येई. छापखाने आले, पण मुद्रकांकडे त्याचा खिळा नसे, म्हणून ते 'झेड' लावत. 'मेंझिस' असं लिहिलेलं आडनाव जुन्या वळणाचा स्कॉटिश माणूस 'मिंगिस' असं वाचतो, ते यामुळेच. लंडनमधल्या बिलिटर स्ट्रीटचं नावही घंटा ओतणाऱ्यांवरून, 'बेल्येटर'वरून पडलं.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. भाषाशास्त्रज्ञ 'येट' आणि 'फुंदेरे' ही एकाच प्राचीन धातूची लेकरं मानतात. तिसरं लेकरू संस्कृतात आहे: 'हु', अग्नीत ओतणे. होम, हवन, आहुती हे शब्द त्याचेच. म्हणजे पुण्यातल्या यज्ञकुंडात पडणारं तूप आणि एडिनबरोच्या साच्यात पडणारा कांसा यांची नावं दूरची भावंडं निघाली.

हे सांगण्याचं कारण आहे. आज आपल्याकडे शब्दांनाही धर्म विचारला जातो. हा फारसी, काढा; हा आमचा, ठेवा. मी मराठीत लिहिणारा मुसलमान आहे. 'हवन' आणि 'हुन्नर' हे दोन्ही शब्द माझ्याच भाषेचे आहेत. एक संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून. दोन्ही इथे रुजले. शब्दाचा माग काढत गेलं की कुणाची तरी मालकी सापडेल असं वाटतं. सापडतात ते मात्र नातेवाईक.