भिंतीवरची लक्ष्मी आणि पेढीचे नाव

दिवाळीच्या पाडव्याला किंवा इंग्रजी वर्षाच्या अखेरीस दुकानातून घरी परतणाऱ्या गृहस्थाच्या काखेत पुष्कळदा कागदाची एक गुंडाळी असते. ती त्याने विकत घेतलेली नसते. वर्षभराच्या गिऱ्हाइकीची आठवण ठेवून पेढीच्या मालकाने ती त्याच्या हाती दिलेली असते. घरी आल्यावर ती उलगडली जाते आणि जुन्याच खिळ्यावर नवे कॅलेंडर चढते. वर लक्ष्मी किंवा बाळकृष्ण, मध्ये तारखांचा गठ्ठा आणि तळाशी पेढीचे नाव व पत्ता. भिंत बेळगावची असो, मडगावची असो, इंदूरची असो की बडोद्याची, ही मांडणी बहुधा सारखीच आढळते.

आज व्यापाऱ्यापुढे नावाच्या भेटवस्तूंची निवड फार मोठी आहे. लेखण्या, चहाचे पेले, कापडी पिशव्या, छत्र्या, टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या ह्यांपैकी काय द्यावे, किती नग काढावेत, कोणास द्यावेत आणि नाव केवढे छापावे, ह्याचा खल प्रत्येक लहानमोठ्या धंद्यात होतो. हा खल नवा आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो आमच्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे, आणि त्याचा इतिहास पाहिल्यास कोणती भेट टिकते व कोणती केराच्या टोपलीत जाते ह्याचा काही बोध होतो. तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

त्याचा आरंभ कापडापासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानच्या बाजारात ठाण्यांनी येऊन पडत होते. एका गिरणीचे मांजरपाट आणि दुसऱ्या गिरणीचे मांजरपाट ह्यांतील भेद सामान्य गिऱ्हाइकास डोळ्यांनी ओळखता येण्याजोगा नव्हता, आणि इंग्रजी नाव वाचता येणारे तर विरळाच. म्हणून ठाणावर एक रंगीत छापील चित्र चिकटविण्याची चाल पडली. व्यापारी त्यास 'तिकीट' म्हणत, गिऱ्हाईक 'छाप' म्हणे. त्यावर हत्ती, वाघ, राजे आणि पुढे पुढे आपले देवही आले. गिऱ्हाईक गिरणीचे नाव घेत नसे. अमुक छापाचे कापड द्या, म्हणून मागत असे. चित्र हेच धंद्याचे नाव झाले. शिवाय कापड बेतून झाल्यावर ते चित्र फुकटचे हाती उरे, हा निराळा लाभ. मालाबरोबर काहीतरी देखणे व जपून ठेवण्यासारखे घरी जाते, ह्या गोष्टीची गोडी आमच्या लोकांस प्रथम ह्या तिकिटांनी लावली असे म्हणावयास हरकत नाही.

चित्राचे हे सामर्थ्य दिसताच त्याची चोरीही होऊ लागली. इंग्लंडात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा 1875 साली झाला. आपल्याकडे नोंदणीचा कायदा येण्यास 1940 साल उजाडावे लागले. परंतु तत्पूर्वी 1889 साली मर्चंडाइज मार्क्सचा कायदा झाला होता. खोट्या चिन्हांस व मालाच्या खोट्या वर्णनास त्याने शिक्षा ठेवली, आणि ठाणातील कापडाची खरी लांबी त्यावर छापली पाहिजे असाही दंडक घातला. ह्या दंडकाचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. एकाच कापडावर एका अंगास मन मोहविणारे चित्र आणि दुसऱ्या अंगास वारांचा रोकडा आकडा! जाहिरातीने मन मोहवावे, पण मापात खोट असू नये, हा न्याय त्या एका ठाणावर मूर्तिमंत झालेला होता.

कापडावरचे चित्र भिंतीवर कसे गेले, ह्या कथेत बडोद्याचा वाटा मोठा आहे. राजा रविवर्मा हे त्रावणकोरकडील किळिमानूरचे. 1881 साली सयाजीराव गायकवाड ह्यांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास ते बडोद्यास आले, आणि पुढे 1890 च्या सुमारास त्यांनी बडोदे दरबारासाठी चौदा पौराणिक चित्रे पुरी केली. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव ह्यांनी 1884 सालीच त्यांना एक सूचना केली होती. ती अशी की, आपल्या चित्रांची मागणी एका हाताने पुरी होणे शक्य नाही. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवून घ्याव्यात. रविवर्म्यांनी ही सूचना निराळ्या रीतीने अमलात आणली. त्यांनी छापखानाच येथे आणला. 1894 साली मुंबईत गिरगावात निघालेला हा शिळाछापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, आणि नव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला.

चित्रे छापून घरोघर पोचविण्याचा उद्योग महाराष्ट्रास अगदीच अपरिचित होता असे नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह 1878 साली पुण्यास चित्रशाळा काढली होती. तथापि रविवर्म्यांच्या छापाने मोठी क्रांती घडविली. राजवाड्यात जे पाहण्यास मुभा लागे, ते आता कोणाच्याही ओसरीवर टांगता येऊ लागले. देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरी कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आली. ही गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. लोकांस हवे असलेले चित्र तयार आहे. त्याखाली बोटभर पट्टीत आपले नाव घातले आणि तारखांचा गठ्ठा जोडला की काम झाले! मळवलीच्या छापखान्यातही पुढे लेबले, कॅलेंडरे व जाहिराती छापल्या जाऊ लागल्या. विसाव्या शतकात कॅलेंडरांच्या छपाईचे मोठे केंद्र तमिळनाडूत शिवकाशीस झाले, आणि तेथून निघालेल्या देवतांच्या चित्रांखाली गावोगावच्या पेढ्यांची नावे येऊ लागली.

येथे ह्या भेटीचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. हस्तपत्रक वाचून टाकून देतात. वर्तमानपत्रातली जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. परंतु देवाचे चित्र टाकून देण्यास आमचे लोक धजत नाहीत. आणि तारीख तर घरातल्या प्रत्येकास रोज पाहावी लागते. दुधाचा हिशेब, धोब्याचे कपडे, एकादशी, मुलाच्या परीक्षेचा दिवस, सारे त्या चौकोनांत पेन्सिलीने टिपले जाते. असे करताना पेढीचे नाव वर्षातून निदान तीनशे वेळा डोळ्यांखालून जाते, आणि कोणी आपणास काही विकावयास आला आहे असे एकदाही वाटत नाही. ज्याने नावाची पट्टी बोटभर ठेवली त्याला वर्षभराची भिंत मिळाली. ज्याने नावच मोठे करून देव लहान केला, त्याचे कॅलेंडर बहुधा माळ्यावर गेले.

दुसरी वाट बेळगावातून निघालेल्या एका उद्योगाने दाखविली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर तयार करण्यास हात घातला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तेव्हा माल तयार करण्याइतकेच मन तयार करणेही अवघड होते. कारखान्याला बेळगाव सोडावे लागले, औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. तेथून शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. त्याचा मूळ हेतू गिऱ्हाइकांना कारखान्याची व मालाची माहिती पोचविण्याचा, म्हणजे जाहिरातीचाच होता. परंतु वाचकास काय हवे ह्याचा विचार संपादकाने आधी केला, आणि त्या पत्राचे महाराष्ट्रातले एक अग्रगण्य मासिक झाले. त्याच घरातून 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' निघाले. जाहिरातीसाठी काढलेल्या वस्तूकरिता लोक आपण होऊन वर्गणी भरू लागले, ह्याहून मोठी पावती कोणत्या कारखानदाराला मिळावी?

ह्याच नियमाचा उलट बाजूने पुरावा 1973 साली मिळाला. जयंतराव साळगावकरांनी त्या साली 'कालनिर्णय' काढले. फुकट मिळणारी कॅलेंडरे घरोघरी असताना पैसे देऊन ते कोण घेणार, अशी शंका कोणासही आली असती. परंतु तिथी, सण, सर्व धर्मांचे दिवस आणि पाठीमागच्या पानांवर वाचण्याजोगा मजकूर, असा उपयोग दिसताच लोकांनी ते विकत घेतले. फुकटेपणा हा भेटीचा गुण नव्हे, उपयोग हा गुण आहे, असाच ह्याचा अर्थ आम्ही करतो.

आता कायद्याकडे वळणे प्राप्त आहे, कारण भेटीची आखणी करताना व्यापारी तो बहुधा सर्वांत शेवटी आठवतात. 1950 साली चिन्हे व नावे ह्यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. धंद्यासाठी कोणती नावे व चित्रे सरकारच्या परवानगीवाचून वापरता येत नाहीत, ह्याची यादी त्याच्या अनुसूचीत आहे. तीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू व इंदिरा गांधी ह्यांचा समावेश आहे. ह्या नोंदीस एक अपवाद आहे आणि तो नेमका कॅलेंडराचाच आहे: कॅलेंडरावर ही चित्रे छापता येतील, मात्र त्यावर केवळ ते तयार करणाऱ्याचे व छापणाऱ्याचे नाव असावे आणि मालाच्या जाहिरातीसाठी त्याचा वापर होऊ नये. म्हणजे महाराजांचे चित्र भिंतीवर लावण्यास कायद्याची ना नाही, पण त्याखाली साबणाचे किंवा सिमेंटचे नाव घालण्यास आहे. आमचे कित्येक व्यापारी केवळ भक्तीने ह्या नियमाचा भंग करतात. भक्ती खरी असेल, परंतु तळाची पट्टी तिला धंद्याचे साधन बनविते, हे त्यांनी विसरू नये.

दुसरी मर्यादा भेटीच्या किमतीची आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या नियमांनी डॉक्टरांस औषध कंपन्यांकडून भेटी घेण्याची मनाई केलेली असताना, सोन्याची नाणी, शीतकपाटे व दूरदर्शन संच देऊन तो खर्च प्राप्तिकरातून वजा मागण्याचा एक दावा 'एपेक्स लॅबोरेटरीज' खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 2022 साली न्यायालयाने तो फेटाळला. घेणाऱ्यास जे घेणे निषिद्ध, ते देणाऱ्यास देणेही निषिद्धच, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कॅलेंडर हातात पडल्याने कोणाचा विवेक डळमळत नाही. सोन्याच्या नाण्याने डळमळू शकतो. भेट आणि लाच ह्यांच्यामध्ये जी रेषा आहे ती वस्तूच्या नावाने आखली जात नाही, घेणाऱ्यावर पडणाऱ्या ओझ्याने आखली जाते. ह्याखेरीज 2017 च्या वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, हेही अंदाजपत्रकात आधीच धरावे.

तेव्हा नावाची भेट देऊ इच्छिणाऱ्या गृहस्थास आमचे सांगणे एवढेच की, 'माझे नाव किती ठिकाणी दिसेल' हा प्रश्न त्याने प्रथम विचारू नये. ही वस्तू घेणाऱ्याच्या घरात कोठे राहील, कोण तिला रोज हात लावील, वर्षाअखेर ती कोठे जाईल, हे आधी पाहावे. हजार टोप्या पेट्यांत पडून राहण्यापेक्षा दोनशे पिशव्या बाजारात फिरलेल्या बऱ्या. नाव लहान ठेवावे, वस्तू चांगली द्यावी आणि घेणाऱ्याला मिंधे करू नये.

जुन्या घरांतून एक दृश्य आम्ही वारंवार पाहिले आहे. वर्ष संपल्यावर तारखांचा गठ्ठा फाडून टाकतात आणि वरची लक्ष्मी कापून चौकटीत बसवितात. कात्री चालविणारी गृहिणी पुष्कळदा खालची पट्टीही कापून टाकते; पण कधीकधी ती तशीच राहू देते. अशा एखाद्या चौकटीत, काचेखाली, कधीच बंद पडलेल्या एखाद्या पेढीचे नाव अजून वाचावयास मिळते. त्या घरी त्या पेढीचा विषय निघाला की वडीलधारी माणसे, 'माणूस मापाला चोख होता,' असे सांगतात. पट्टी ठेवावी की कापावी, हा निर्णय घेताना गृहिणीच्या मनात चित्राबरोबर ते मापही असावे, असा आमचा तर्क आहे.