हळद, तेल आणि बाटलीवरची यादी

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण उतावळ्या माणसाची थट्टा करते. ज्या अपेक्षेची म्हणीने टर उडवली, तीच आज क्रीमच्या डबीवर गंभीरपणे छापलेली असते. डबी उलटी करून पाहावी, तर तेथे हळद सापडत नाही. सापडते ते ‘कर्क्युमा लाँगा रूट एक्स्ट्रॅक्ट’. तीळ ‘सेसॅमम इंडिकम सीड ऑइल’ झालेला असतो, करडई ‘कार्थॅमस टिंक्टोरियस सीड ऑइल’. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचे बिनकाटेरी वाण तयार केले. तरीही याच मातीतला वाचक ही यादी परक्या लिपीसारखी ओलांडून जातो. आमच्या मते ही यादी एक संहिता आहे, आणि संहिता वाचणे हा तर आपला व्यवसाय.

या परिभाषेला इतिहास आहे. अमेरिकेतील प्रसाधन-व्यावसायिकांच्या संघटनेने तिचा कोश १९७३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. देशोदेशी एका पदार्थाला एकच नाव असावे, हा हेतू. वनस्पतींपुरती ती सोय लॅटिनने केली. या संहितेला व्याकरणही आहे. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, पण कोणत्याही क्रमाने. यादीचा पूर्वार्ध असा वृत्तबद्ध, तर उत्तरार्ध मुक्तछंद. या उत्तरार्धात हळद सुगंधी द्रव्याच्या आधी आली, तरी ती त्याहून अधिक आहे असे सिद्ध होत नाही.

आता तेलांकडे वळू. ‘तैल’ म्हणजे मुळात तिळाचे. पुढे साऱ्याच बियांच्या रसाला आपण तेल म्हणू लागलो. पण सगळी तेले सारखी नसतात, हे घाण्यावरच्या माणसाला रसायनशास्त्राआधी ठाऊक होते. त्यासाठी त्याच्याजवळ एक शब्द होता : खवट. हवेतील ऑक्सिजनने तेलातील स्निग्धाम्ले बिघडतात आणि तो वास येतो. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल विपुल, म्हणून ते हलके खरे, पण लवकर खवटणारे. तिळात सेसॅमोलिनसारखी द्रव्ये आणि त्यांपासून होणारे सेसॅमॉल असते. त्यामुळे तिळाचे तेल अधिक टिकते. ही द्रव्येच अँटिऑक्सिडंट.

यादीच्या शेपटाशी बहुधा दिसणारे ‘टोकोफेरॉल’ म्हणजे ई जीवनसत्त्व. १९२२ मध्ये इव्हान्स आणि बिशप या संशोधकांना उंदरांच्या प्रजननासाठी आवश्यक असा एक आहारघटक आढळला. ग्रीक भाषेत ‘टोकोस’ म्हणजे अपत्यजन्म आणि ‘फेरेइन’ म्हणजे वाहून आणणे. त्यावरून पुढे हे नाव पडले. जन्माशी नाते सांगणारा हा शब्द आज डबीवर तारुण्याचा पुरावा म्हणून मिरवतो. प्रत्यक्षात तेथील किंचित टोकोफेरॉल पुष्कळदा त्वचेसाठी नसतेच. बाटलीतले तेल खवटू नये म्हणून घातलेले असते. घटक यादीत आहे एवढ्याने भागत नाही. तो तेथे कशासाठी आहे, हे विचारावे लागते.

हवेपासून जपण्याची कला आमच्या भागाला नवी नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर साहित्याच्या विद्यार्थ्याला गोविंद बल्लाळ देवलांचे गाव म्हणून ठाऊक असते. हळदीच्या व्यापाऱ्याला ते पेवांचे गाव. जमिनीतल्या या खोल पोकळ्यांत हळद भरून तोंड बंद केले, की आतला प्राणवायू सरतो, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते, म्हणून ते आधी मोकळे ठेवतात. २००५ च्या महापुरात यांतील अनेक पेवे निकामी झाली. टिकवण्याचे शास्त्र तेथे जगण्यात होते. त्याला लॅटिन नाव तेवढे नव्हते.

नाव आणि पुरावा यांचा सर्वांत गाजलेला झगडाही हळदीचाच. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील आधार आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध पुढे ठेवला गेला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीच्या तोंडचे ज्ञान खरे असूनही कामी आले ते लिखित शब्दाच्या आधारामुळे, हे आपण विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. पण हेही सांगावे, की त्या निकालाने एवढेच ठरवले की हा उपयोग नवा नाही. हळद लावून कांती उजळते, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. अभिमानाच्या भरात आपण हे दोन निष्कर्ष एक करतो, आणि जाहिरात नेमकी त्याच फटीतून आत शिरते.

हळदीचे नाव ओळखीचे म्हणून डबीवर विश्वास ठेवणे, आणि टोकोफेरॉलचे नाव अनोळखी म्हणून दचकणे, या दोन्ही एकाच निरक्षरतेच्या बाजू आहेत. वर्गात आपण शब्दाची व्युत्पत्ती, स्थान आणि प्रयोजन विचारायला शिकवतो. तेच तीन प्रश्न डबीला विचारले, तरी पुष्कळ साधेल. म्हण रचणाऱ्याला एवढे तरी वाचता येत होते.