जीप, पाणी आणि बंद डबीचा श्वास

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात सह्याद्रीतील ओढ्यांची मोजणी करण्यासाठी आम्ही जीपने हिंडत होतो. बॅटरीची वीज उपकरणांना पुरवणारे एक इलेक्ट्रॉनिक मंडल आम्ही इंजिनाशेजारी पत्र्याच्या डबीत बसवले होते. डबीचे झाकण रबर आणि लांबी लावून घट्ट बंद केले होते. एक ओढा ओलांडताना डबी जेमतेम अर्धा मिनिट पाण्याखाली गेली आणि सारी उपकरणे मुकी झाली. उघडून पाहिले तर आत दोन चमचे पाणी! फट शोधली, ती सुईच्या टोकाएवढी निघाली. एवढ्याशा छिद्रातून इतक्या थोड्या वेळात इतके पाणी आत शिरले कसे? हा प्रश्न जुनाच आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हा इतिहास जीपपासूनच सुरू करू. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. पुढे १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने याच विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि तहसीलदारापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत ती आपल्याकडे सर्वत्र दिसू लागली. तिचे इंजिन पेट्रोलचे. डिझेल इंजिनात इंधन दाबाने तापलेल्या हवेत पेटते. पेट्रोल इंजिनाला मात्र विजेची ठिणगी लागते. जुन्या जीपची बॅटरी अवघ्या ६ व्होल्टची. कॉइल तिच्यापासून काही हजार व्होल्ट निर्माण करते आणि डिस्ट्रिब्युटर ते पाळीपाळीने चारही स्पार्क प्लगकडे पाठवतो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर ओलाव्याचा पातळ थर जमला, की वीज प्लगपर्यंत न जाता त्या थरावरून इंजिनाच्या धातूत निघून जाते. ठिणगी पडत नाही, गाडी थांबते. म्हणूनच पूर्वी ओढ्यात अडकलेल्या जीपचा ड्रायव्हर आधी ती टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसत असे.

शुद्ध पाणी विजेचे फारच मंद वाहक आहे, हे आपण वर्गात सांगतो. समुद्राच्या पाण्याची वाहकता मात्र शुद्ध पाण्याच्या सुमारे दहा लाख पट असते. ६ जून १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांचे सैन्य फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, ते याच खाऱ्या पाण्यातून. तेथील किनाऱ्याचा उतार मंद. त्यामुळे होड्या किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर वाळूला टेकणार आणि गाड्यांना पाण्यातून चालत जावे लागणार, हे आधीच उघड होते. या किनाऱ्यांच्या अभ्यासात स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांचाही वाटा होता. पाण्यात बंद पडलेली एक गाडी मागून येणाऱ्या सर्व गाड्यांची वाट अडवणार, आणि तीही शत्रूच्या माऱ्यात. तेव्हा प्रश्न एका गाडीचा नव्हता, माणसांच्या जिवाचा होता.

त्यावर योजलेला उपाय अगदी घरगुती वाटावा असा होता. ग्रीस, चुना आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून कणकेसारखा लगदा तयार करीत आणि तो कॉइल, डिस्ट्रिब्युटर, प्लग व तारांच्या सांध्यांवर हातांनी थापत. इंजिनात हवा घेणारी आणि धूर सोडणारी नळी पाण्याच्या वर उंच नेत. (ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला किती घातक असतात, याची या कामावरच्या सैनिकांना कल्पना नव्हती.) हे काम टप्प्याटप्प्याने होई. शेवटचा टप्पा होडीत चढण्याच्या थोडे आधी, आणि किनाऱ्यावर पोचताच हे लेप व बुचे काढून टाकण्याची सक्त सूचना. अशी 'बंद' केलेली गाडी थोडे अंतरच चालवता येई. इंजिनाला आणि गिअरपेटीला हवा आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेली छिद्रेही बुजवलेली असल्यामुळे ती फार काळ तशी ठेवणे धोक्याचे होते. म्हणजे हा उपाय होता तो काही तासांचा.

कायमचा उपाय का सापडत नव्हता? उत्तर आपल्या नववी-दहावीच्या वायुनियमांतच आहे. समजा, इंजिनाशेजारची डबी ७७ अंश सेल्सियस तापली आहे, म्हणजे ३५० केल्विन. ती २७ अंशांच्या, म्हणजे ३०० केल्विनच्या पाण्यात बुडाली. आतली हवा थंड होते आणि तिचा दाब एक-सप्तमांशाने घटतो. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. त्याचा सातवा भाग म्हणजे जवळजवळ दीड मीटर. गुडघाभर पाण्यातली आमची डबी अशा रीतीने दोन मीटर खोल बुडाल्यासारखी झाली होती! पाणी नुसते झिरपले नव्हते, डबीने ते आत ओढून घेतले होते.

ही गोष्ट वर्गात सहज दाखवता येते. काचेच्या लहान बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाला बारीक छिद्र पाडा. बाटली काही मिनिटे गरम पाण्यात धरा, मग उलटी करून थंड, रंगीत पाण्यात बुडवा. आत येणारे पाणी मुलांना मोजू द्या आणि वायुनियमाने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहायला सांगा.

१९५० साली अमेरिकी सैन्यासाठी आलेल्या 'एम-३८' जीपमध्ये हा धडा गिरवलेला दिसतो. तिच्यात कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर एकाच धातूच्या घट्ट आवरणात बसवले होते. मात्र ते आवरण पूर्ण बंद न ठेवता त्याला हवेची नळी दिली होती. ती इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडलेली असे आणि खोल पाण्यात जाताना तो मार्ग उंच नळकांड्याने पाण्यावर नेता येई. डबीने श्वास घ्यावा, पण कोरड्या हवेचा, ही ती कल्पना. ठिणग्यांमुळे आत तयार होणारा, धातू आणि रबर खाणारा ओझोनही त्यामुळे बाहेर जाई.

१९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा यंत्रणा आली आणि हळूहळू इंजिनाचा सारा कारभार एका लहानशा पेटीतील मंडलाकडे गेला. फडक्याने पुसून भागण्याचे दिवस संपले. इथे ओलाव्यातून विद्युत्-अपघटन होते, तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढतो आणि बिघाड कधी कधी महिन्यांनंतर प्रकट होतो. या पेटीचा श्वास सोडवला तो टेफ्लॉनच्या पातळ पडद्याने. १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सच्छिद्र करण्याची रीत शोधली. टेफ्लॉनला पाणी चिकटत नाही. त्यामुळे एक मायक्रॉन व्यासाच्या छिद्रातून पाणी ढकलायला सुमारे दहा मीटर पाण्याइतका दाब लागतो. हवा मात्र सहज जाते-येते. ज्या पृष्ठताणावर पाणकिडा तरंगतो, तोच येथे दारावर पहारा देतो.

आज अशा पेट्यांवर 'आयपी ६७' असे लिहिलेले आढळते. एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवूनही अपाय होईल इतके पाणी आत शिरले नाही, असा त्याचा अर्थ. पण या चाचणीत पाणी आणि पेटी यांच्या तापमानात पाच अंशांहून अधिक फरक नसावा असा नियम आहे! तापलेली पेटी थंड ओढ्यात बुडाली तर काय होईल, याची हमी तो शिक्का देत नाही. ओढ्यात शिरण्यापूर्वी गाडी थोडा वेळ थांबवून निवू द्यावी, हे शहाणपण म्हणूनच अजूनही खरे आहे.

आम्ही आमच्या डबीला पुढे एक बारीक रबरी नळी जोडली आणि तिचे टोक जीपच्या टपाखाली उंच बांधले. पुढचे ओढे डबी कोरडी ठेवून पार झाले.