पाणी बघून पेरायचं

मागे एका महाविद्यालयात ‘शाश्वत विकास’ या विषयावर बोलायला गेलो होतो. भाषण संपल्यावर एका मुलीनं विचारलं, “सर, शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं ना? मग धरणं, रस्ते, कारखाने कधी थांबायचेच नाहीत, असा याचा अर्थ का?” सभागृह हसलं. मला हसू आलं नाही. कविता लिहिणाऱ्याला शब्द असा अडला की चैन पडत नाही. प्रश्न रास्त होता.

१९८७ साली ब्रुंटलँड आयोगानं अर्थ सांगितला होता, की आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ नये. १९९२च्या रिओ परिषदेनंतर हा शब्द सरकारी कागदांत रुळला. लोकांच्या तोंडी मात्र बसला नाही. त्यात ‘जपून’ किंवा ‘वाटून’ असं काही ऐकूच येत नाही.

आमच्या धुळे जिल्ह्यात ते ऐकू येणारा एक शब्द होता, फड. पांझरा नदीवर जुन्या काळी दगडी बंधारे बांधले गेले. बंधाऱ्यातून पाट निघे. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग पाडत; एकेक भाग म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि ते पाळीपाळीनं बदलायचं. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, देखरेख हवालदाराची, राखण जागल्यांची. नदीला पाणी कमी असलं, की भिजवायचं क्षेत्रही सगळ्यांनी मिळून कमी करायचं.

माझे अब्बा अशाच पाटाखालचे शेतकरी. पीक माना टाकत असलं तरी पाटकरी येईपर्यंत ते बांधावर बसून राहत. स्वतःच्या हातानं पाणी फोडलेलं मी कधी पाहिलं नाही.

या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. ज्याला जमीन नव्हती, त्याला पाण्यातही वाटा नव्हता. पुढे विहिरी वाढल्या, विजेचे पंप आले, नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली. बटण ज्याच्या त्याच्या हाती आलं, आणि नदीत किती उरलं हे पाहण्याची सवय मोडली. काही फड अजून तग धरून आहेत, बरेच मोडले.

त्या मुलीला मी हेच सांगितलं. ती क्षणभर थांबून म्हणाली, “म्हणजे पाणी बघून पेरायचं.”

घरी आल्यावर तिचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं.