निरोप्या यंत्राची कथा



दूरध्वनीची घंटा वाजत आहे आणि ती ऐकावयास घरात कोणीच नाही, अशा वेळी काय करावे हा प्रश्न दूरध्वनीइतकाच जुना आहे. पत्राची गोष्ट वेगळी. ते दाराच्या फटीतून आत पडते आणि घरधनी येईपर्यंत मुकाट्याने वाट पाहते. दूरध्वनीवरील शब्दाला मात्र समोर कान लागतो. कान नसेल तर तो शब्द उच्चारलाच जात नाही. ही उणीव भरून काढणारे यंत्र फार पूर्वीच तयार झाले होते, ते चालतही होते. तथापि सामान्य माणसाच्या हाती पडावयास त्याला साठ-सत्तर वर्षे लागली. हा विलंब का झाला, ते आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

ग्रॅहम बेल यांनी 1876 साली दूरध्वनीचे पेटंट मिळविले. पुढच्याच वर्षी एडिसन यांनी ध्वनिलेखक यंत्र सिद्ध केले. या दोन शोधांची सांगड घालावी, हा विचार कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या वाल्डेमार पौलसेन या तरुणाच्या मनात आला. 1898 साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने ‘टेलिग्राफोन’ नावाचे यंत्र घडविले. एका नळकांड्यावर पोलादाची बारीक तार गुंडाळलेली असे आणि तिच्यावरून एक लहानसा विद्युच्चुंबक सरकत जाई. बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर दूरध्वनीच्या तारेतील प्रवाह कमीजास्त होतो. त्याच प्रमाणात पोलादी तारेत ठिकठिकाणी कमीजास्त चुंबकत्व साठून राही. तोच चुंबक पुन्हा त्या तारेवरून फिरविला की साठलेला आवाज ऐकू येई आणि नको झाला म्हणजे पुसताही येई. एडिसनच्या यंत्रात सुई ओरखडा काढी, येथे ओरखडा नव्हता. म्हणून एकच तार पुनःपुन्हा वापरता येत असे. आपण घरी नसताना येणारे निरोप टिपून ठेवणे, हा पौलसेनचा एक स्पष्ट हेतू होता.

1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडण्यात आले व त्यास श्रेष्ठ पारितोषिक लाभले. ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योसेफ तेथे त्यात चार शब्द बोलले. ती ध्वनिमुद्रा डेन्मार्कमध्ये आजही जतन केलेली आहे. चुंबकीय ध्वनिमुद्रणाचा तो आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना नमुना होय. परंतु आवाज मोठा करणारी नलिका तेव्हा निर्माण झालेली नव्हती. यंत्रातून येणारा स्वर इतका क्षीण असे की तो कानाला नळी लावूनच ऐकावा लागे. 1903 साली अमेरिकेत या यंत्राच्या विक्रीसाठी कंपनी निघाली, पण तिला यश आले नाही.

येथपर्यंतची अडचण तंत्राची होती, असे म्हणता येईल. पुढची अडचण निराळी होती. 1930 नंतर अमेरिकेच्या प्रख्यात बेल प्रयोगशाळेत क्लॅरेन्स हिकमन नावाचे शास्त्रज्ञ पोलादी पट्टीवर ध्वनिमुद्रण करण्याच्या कामी लागले होते. आवाज मोठा करण्याची साधने आता हाताशी होती. 1934 च्या सुमारास त्यांनी दूरध्वनीला आपोआप उत्तर देणारे व निरोप टिपणारे यंत्र चालवून दाखविले. एवढे झाल्यावर ते बाजारात यावे, असेच कोणासही वाटेल. ते आले नाही. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक सर्व दूरध्वनी ज्या कंपनीच्या ताब्यात होते, त्या ए. टी. अँड टी. कंपनीनेच ते काम जनतेपुढे येऊ दिले नाही.

याचे कारण पुष्कळ वर्षांनी उजेडात आले. मार्क क्लार्क या इतिहासकाराने कंपनीची जुनी दप्तरे चाळून 1993 साली ते प्रसिद्ध केले. कंपनीच्या चालकांना भीती वाटत होती ती अशी: बोललेला शब्द टिपून ठेवता येतो, हे एकदा लोकांना कळले की ते दूरध्वनीवर मोकळेपणाने बोलणार नाहीत. व्यापारी सौद्याची गोष्ट काढणार नाही, कारण बोलण्यातील चूक पुढे पुरावा म्हणून उभी राहील. खासगीतले काही सांगावयाचे असेल त्याचीही जीभ अडखळेल. पत्राच्या मानाने दूरध्वनीचे मोल कशात, तर त्यावरचा शब्द मागे उरत नाही यात, असा त्यांचा समज होता. म्हणून उपयुक्त वस्तू तयार असूनही ती कपाटात पडून राहिली, आणि असे काही आहे याचा लोकांना पत्ताही लागला नाही. लोकांनी काय वापरावे, हे लोकांस न विचारता ठरविले गेले, यातच या कथेचे मर्म आहे.

कंपनीचा आणखी एक नियम होता. तिच्या तारांना परक्या कोणाचे साधन जोडावयाचे नाही. हा नियम असतानाही मार्ग काढणारे निघालेच. मिलवॉकी शहरी जोसेफ झिमरमन यांचा उष्णता व वातानुकूलनाचा धंदा होता आणि फोन घेण्यापुरता कारकून ठेवणे त्यांस परवडत नव्हते. 1949 च्या आसपास त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक सेक्रेटरी’ तयार केला. घंटा वाजली की हे यंत्र दूरध्वनीचा रिसीव्हर उचली, ग्रामोफोनच्या तबकडीवरून उत्तर ऐकवी आणि आलेला निरोप पोलादी तारेवर टिपून घेई. त्याआधी 1947 साली अमेरिकी सरकारच्या दळणवळण आयोगाने दूरध्वनीवरील संभाषण टिपण्यास परवानगी देताना एक अट घातली होती. टिपणे चालू असताना ठरावीक अंतराने ‘बीप’ असा सूचक ध्वनी झाला पाहिजे. आपला शब्द साठविला जात आहे, हे बोलणाऱ्यास कळले पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. यंत्र दडवून ठेवण्यापेक्षा हा उपाय किती सरळ होता!

जपानचे काझुओ हाशिमोतो यांचे ‘अ‍ॅन्साफोन’ 1960 पासून अमेरिकेत विकले जाऊ लागले. 1968 साली ‘कार्टरफोन’ प्रकरणात त्याच आयोगाने निर्णय दिला, की दूरध्वनीच्या जाळ्यास अपाय न करणारे साधन जोडण्यास कंपनीला सरसकट मनाई करता येणार नाही. दार उघडले ते येथे. पुढील दोन दशकांत ध्वनिफितीची उत्तरयंत्रे अमेरिकेत घरोघर दिसू लागली.

मग फीतही गेली. अंकीय, म्हणजेच डिजिटल, उत्तरयंत्राचे पेटंट मिळविण्यासाठी हाशिमोतो यांनीच 1983 साली अर्ज केला. या यंत्रात आवाज चुंबकत्वाच्या रूपाने नव्हे, तर आकड्यांच्या रूपाने साठतो. दूरध्वनीच्या प्रमाणपद्धतीत आवाजाचे दर सेकंदास 8,000 वेळा माप घेतात आणि प्रत्येक माप शून्य व एक यांच्या आठ खुणांनी लिहितात. म्हणजे सेकंदास 64,000 आणि मिनिटास 38 लाख 40 हजार खुणा झाल्या. या पसाऱ्याचा गणिताने संक्षेप करून तो स्मृतिपटलात ठेवतात. फीत मागेपुढे करण्याचा खटाटोप उरत नाही; पाचवा निरोप थेट ऐकता येतो आणि तिसरा तेवढा पुसता येतो.

असे यंत्र मांडणे अवघड नसते. एक तार भिंतीतील दूरध्वनीच्या जोडणीस व दुसरी विजेस लावावी, घड्याळ लावावे आणि आपल्या आवाजात स्वागताचे दोन शब्द टिपावे. “आम्ही गावाला गेलो आहोत” असे मात्र कधीही म्हणू नये, चोरास ते आमंत्रणच ठरेल. “आत्ता फोनपाशी येता येत नाही” एवढे पुरे. किती घंटा झाल्यावर यंत्राने उत्तर द्यावे तेही ठरवावे लागते. येथे एक खुबी आहे. नवा निरोप आला असेल तर यंत्र दोन घंटांत बोलते, नसेल तर चार घंटा थांबते. त्यामुळे परगावी गेलेल्या मालकाने स्वतःच्याच घरी फोन लावला आणि तिसरी घंटा वाजली, की निरोप नाही हे ओळखून तो फोन ठेवी; त्याचे पैसे वाचत. दुरून निरोप ऐकण्यासाठी गुप्त अंक असतो. कारखान्यातून आलेला अंक बदलण्याचा कंटाळा करणाऱ्याचे निरोप भलताच माणूस ऐकू शकतो. बेल कंपनीची भीती अगदीच निराधार नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे मुंबईत 1882 सालीच दूरध्वनी केंद्र उघडले होते, तरी हे यंत्र आपल्या घरांत फारसे रुजले नाही. येथे मुळात दूरध्वनीच दुर्मीळ. जोडणीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आपल्या कार्डावर शेजाऱ्याचा क्रमांक छापून त्यापुढे ‘पी. पी.’ ही अक्षरे लिहिण्याची पद्धत पुष्कळांना आठवत असेल. पुण्याहून इंदुरास किंवा बडोद्यास आलेला निरोप शेजारच्या काकू घेत, लक्षात ठेवीत आणि जिना उतरून पोचवीत. आमचे उत्तरयंत्र म्हणजे शेजारधर्म! त्याला गुप्त अंक मात्र नव्हता. निरोप घरी पोचण्याआधी साऱ्या वाड्यास ठाऊक होई. पुढे 1995 साली भारतात भ्रमणध्वनी आला आणि मधली पायरी गाळूनच आपण पुढे गेलो.

मग त्या जुन्या भीतीचा निकाल काय लागला? शब्द टिपला जातो म्हणून लोकांनी दूरध्वनी सोडला नाही. उलट ते अधिकच बोलू लागले. परंतु टिकून राहिलेला शब्द पुरावा होतो, हे कंपनीचे म्हणणे खोटे ठरले नाही. तिने एक गोष्ट मात्र हिशेबात धरली नव्हती. टिकलेला शब्द आठवणही होतो. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांत व अपहृत विमानांत अडकलेल्या कित्येकांनी घरी फोन लावले, तेव्हा काहींच्या घरी उचलणारे कोणी नव्हते. त्यांचे अखेरचे शब्द यंत्रांनी ऐकले आणि जपून ठेवले. ज्यांच्यासाठी ते होते त्यांना ते मिळाले. रिकाम्या घरात बोललेला शब्दही वाया जाऊ नये, एवढेच पौलसेनला हवे होते. आता ते वेगळे यंत्र बहुतेक घरांतून नाहीसे झाले आहे, पण निरोप ठेवण्याची सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. ती वापरताना आपण दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात: आपला शब्द टिकणार आहे, म्हणून तो जपून बोलावा, आणि तो टिकणार आहे, म्हणून जो बोलावयास हवा तो बोलावयाचा राहू देऊ नये.