बागबाजारातील मराठा खंदक

बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. कलकत्त्यास बदलून आलेल्या आम्हां महाराष्ट्रीयांस ते नाव वाचून प्रथम अभिमान वाटतो. परंतु तो खंदक आमच्या गौरवार्थ नव्हे, आमच्या धास्तीने खणला गेला होता. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईसाठी बंगालवर चालून आले, तेव्हा कंपनीच्या वसाहतीने हे काम हाती घेतले. सुमारे तीन मैल खंदक झाला. मराठे तेथवर आलेच नाहीत. १७९९ मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला.

भागीरथीपलीकडील खेडी मात्र वाचली नाहीत. तेथील लूट व जाळपोळ गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त वर्णिली आहे. आमच्या ‘बारगीर’ शब्दाचा ‘बर्गी’ होऊन तो बंगाली अंगाईगीतांत शिरला. अलिवर्दीखानानेही १७४४ मध्ये भास्कररामांस बोलणीसाठी बोलावून दग्याने मारले. अखेर १७५१ च्या तहाने सालिना १२ लक्ष रुपये चौथाई ठरली व ओरिसा भोसल्यांच्या हाती आला. १८०३ मध्ये तोही इंग्रजांनी घेतला.

पुढे, १९०४ मध्ये, सखाराम गणेश देउस्कर या मराठी वंशाच्या लेखकाने बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिली आणि रवींद्रनाथांनी शिवाजी-उत्सवावर कविता रचली. या स्नेहाचा आम्हांस आनंद आहे. तथापि शेजारच्या आजीबाईंनी बर्गींचे नाव काढले, तर शिवछत्रपतींचे नाव पुढे करून आम्ही ते झाकू नये. शांतपणे ऐकून घ्यावे.