परसबागेतील शोभेची गवते : ठोंबापासून वाढणारीच निवडा

घरासमोर किंवा परसबागेत शोभेचे गवत लावताना रंग आणि तुऱ्याआधी ते पसरते कसे, हे पाहावे. ज्या गवताचे बी वाऱ्याने उडते, ते कुंपणात थांबत नाही. बांधावर आणि शेतात तण होऊन बसते. हरळी व कुंद्यावर होणारा निंदणीचा खर्च आपल्याला माहीत आहेच. त्यात नवीन भर नको.

रोपवाटिकेत मिळणारे फाउंटन ग्रास (पेनिसेटम सेटॅसियम) हे याचे उदाहरण. हे मूळचे आफ्रिकेतील गवत बियांपासून झपाट्याने पसरते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याचा आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत समावेश केला. शिवाय ते वाळले की लवकर पेट घेते. आपल्याकडे ते आधीच लावलेले असल्यास बी पक्व होण्यापूर्वी तुरे कापून नष्ट करावेत. उकिरड्यात टाकू नयेत.

शेतकऱ्यांसाठी दोन सुरक्षित पर्याय :

वाळा
- उंची १.५ ते २ मीटर. मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात, त्यामुळे उतारावरची माती धरून राहते. पाणी साचणाऱ्या जागेतही तग धरतो.
- वाळ्याच्या काही प्रकारांना बी धरते. बेणे घेताना जुन्या ठोंबाभोवती आपोआप उगवलेली लहान रोपे दिसल्यास तेथून बेणे घेऊ नये.
- उतारावर माती अडवण्यासाठी लावलेल्या ओळीतील मुळे सुगंधासाठी खणू नयेत. माती मोकळी होऊन वाहून जाते.

गवती चहा
- आपल्या घरोघरी असलेला प्रकार क्वचितच फुलतो, त्यामुळे बियांपासून पसरण्याची भीती नाही.
- निचऱ्याची जमीन हवी. पाणी साचल्यास ठोंब कुजतो.
- मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेली पाने चहात वापरू नयेत. तेथे वाळा लावावा.

लागवड
पावसाळ्याच्या सुरुवातीला, भरपूर ऊन मिळणाऱ्या जागी लागवड करावी. ठोंबाचे २ ते ३ फुटव्यांचे भाग करून पाने १५ ते २० सेंमी व मुळे ५ ते १० सेंमी ठेवून छाटावीत. शोभेसाठी दोन ठोंबांत ६० सेंमी अंतर ठेवावे. वाळ्याची सलग ओळ हवी असल्यास १० ते १५ सेंमीवर लावावे. पानांची कड धारदार असते, म्हणून पायवाटेपासून थोडे दूर लावावे.

पाणी, खत व छाटणी
पावसाने ओढ दिल्यास मुळे धरेपर्यंत पाणी द्यावे. लागवडीवेळी चांगले कुजलेले शेणखत पुरेसे आहे. युरियाचा मारा करू नये. पाने लुसलुशीत होऊन ठोंब लोळतो. गवती चहाची पहिली कापणी साधारण ३ ते ४ महिन्यांनी करावी. वाळा पावसाळ्यापूर्वी ३० ते ४० सेंमीवर कापावा. कापताना हातमोजे घालावेत. कापलेली पाने भाजीच्या वाफ्यात आच्छादन म्हणून वापरावीत. गवती चहाचे ठोंब दर ३ ते ४ वर्षांनी खणून, विभागून पुन्हा लावावेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावात रोपे वाटताना मूळ ठोंब स्वतः पाहूनच बेणे घ्यावे. चुकीचे बेणे एकदा पसरले की ते परत गोळा करता येत नाही.